पाठवणीच्या गाण्याखाली

एका सज्जन माणसाच्या तोंडी मी असे एक वाक्य घातले, जे तो माणूस जन्मात कधी बोलला नसता. आणि तो खरोखर जे बोलला होता, ते मी माझ्या हातांनी पुसून टाकले. ही गोष्ट मी बरीच वर्षे कोणाला सांगितली नाही. पुढे त्या वाक्याने जी प्रगती केली ती पाहता सांगणे अधिकच कठीण होत गेले. ते तसबिरीत गेले, वर्तमानपत्रातल्या श्रद्धांजलीत गेले, एका ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत प्रचाराला उतरले, आणि गेल्या हिवाळ्यात एका लग्नपत्रिकेवर गणपतीच्या खालोखाल छापले गेले. संपादकांनी व्यवसायातले गमतीदार अनुभव मागितले आहेत. ते आहेतच, परंतु ही गोष्ट वगळून बाकीचे सांगणे म्हणजे पुन्हा तेच करणे, जे मी आयुष्यभर करीत आलो: नको तो आवाज खाली दाबायचा आणि वरून गाणे सोडायचे.

वर्धा जिल्ह्यातल्या सेलूला बसस्थानकाजवळ माझा फोटो स्टुडिओ आहे. तरुणपणापासून मी लग्नांचे चित्रीकरण करतो. आता आमच्यासारख्यांना सिनेमॅटोग्राफर म्हणतात. तेव्हा ‘शूटिंगवाला’ म्हणत, आणि पंगतीत वाढप्यांच्या शेजारी बसवत. खांद्यावर पेटीएवढा कॅमेरा, कानात इअरफोन आणि समोर डोळे दिपवणारा हॅलोजन, असा सरंजाम घेऊन आम्ही मांडवात शिरलो की पोरेबाळे भटजींना सोडून आमच्याकडे पाहत.

परंतु चित्रीकरण हा धंद्याचा अर्धाच भाग. खरी कला त्यानंतरची. तिला आम्ही ‘मिक्सिंग’ म्हणत असू. बाहेरच्यांसाठी सांगतो. जुन्या व्हीएचएस कॅसेटवर चित्राची वाट वेगळी आणि आवाजाची वेगळी असे. यंत्रावर ‘ऑडिओ डब’चे बटण असे. ते दाबले की चित्र जसेच्या तसे राही, खालचा आवाज मात्र पुसला जाई आणि त्या जागी गाणे बसे. मांडवात चित्रित केलेल्या मूळ कॅसेटीदेखील आम्ही जपून ठेवत नसू. पुढच्या लग्नाला त्याच वापरत असू. एकीच्या हळदीवर दुसरीची हळद चढे, आणि पहिलीची पुन्हा दिसत नसे.

गाण्यांच्या कॅसेटींसाठी माझ्या टेबलाला एक खण होता. माझी पत्नी कुंदा त्याला ‘रडक्यांचा खण’ म्हणे. त्यात आईचे गाणे होते, भावाचे होते, मैत्रिणींचे होते. पाठवणीचे मात्र एकच. एका जुन्या हिंदी चित्रपटातले, बापाच्या तोंडचे. ते न टाकता फिल्म दिली तर गिऱ्हाईक परत येई. “भाऊ, फिल्लम अर्धीच देल्ली तुमी.” अशा रीतीने सेलू तालुक्यातल्या झाडून साऱ्या बापांनी आपापल्या मुली एकाच गायकाच्या आवाजात सासरी पाठवल्या. कोणी नांगर धरणारा, कोणी तलाठी, कोणी तोतरा. निरोपाच्या वेळी सर्वांचा गळा सारखाच सुरेल.

लोक रडण्यासाठी फिल्म करून घेत आणि रडणे आले नाही तर मला जबाबदार धरत. एकदा एक गृहस्थ फिल्म घेऊन गेले आणि संध्याकाळीच परत आले. चेहरा असा, की जणू मी नवरदेवच बदलून दिला.

“पाठवणीत पोरगी रडूनच नाई राह्यली,” ते म्हणाले.

“ती रडलीच नाही, काका. हसत हसत गाडीत बसली.”

“ते मले माहीत हाय. पण सोयरे पाहतीन त काय म्हणतीन? इतकी काय खूश होती माहेर सोडाले?”

“मग मी काय करू?”

“काही तरी करा न जी. मोठीचं लग्न तुमीच काढलं होतं. ते लय रडली होती. तिचं थोडसं टाका.”

मी ते केले, हे लिहिताना मला संकोच वाटतो, पण केले. मोठीच्या फिल्मची घरातली प्रत त्यांनी आणून दिली. दोघींच्या डोक्यावरून पदर, मोठीचे तोंड ओंजळीत, त्यामुळे ओळखू येत नव्हते. मोठीचे हुंदके धाकटीच्या पाठवणीत बसवले आणि वर ते गाणे सोडले. पुढे दिवाळीला सारे कुटुंब ती फिल्म पाहायला बसले. आई रडली, मावशा रडल्या. मोठी नवरा-मुलांसह आली होती, ती पडद्यापाशी गेली आणि म्हणाली, “ह्या तं माह्या बांगड्या होय!” मला सांगण्यात आले की त्यावर वडिलांनी आवाज मोठा केला. टीव्हीचा.

कालांतराने लग्नांखेरीज तेरवीचीही कामे येऊ लागली. माणूस गेला की तेराव्या दिवशी जेवणाआधी त्याची फिल्म दाखवायची: जुने फोटो, संथ सरकणारे ढग आणि गाणे. केळझरकडल्या एका गावच्या दोन भावांनी आपल्या आईची अशी फिल्म करून घेतली. आईचे फोटो इनमीन चार. त्यांपैकी दोहोंत ती पाठमोरी. बाकीची जागा मी देवघरातला दिवा, तुळस, आकाशात उडणारे बगळे यांनी भरून काढली आणि आईची दोन गाणी पाठोपाठ जोडली. मांडवभर पदर डोळ्यांना लागले. एरवी एकमेकांशी न बोलणारे ते दोघे भाऊ एकमेकांच्या खांद्यावर डोके ठेवून रडले. मी मागे उभा राहून स्वतःवर प्रसन्न होतो. तेवढ्यात पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या वडिलांनी शेजाऱ्याला विचारले,

“हे कोणाच्या बाईची फिल्लम होय?”

“काकाजी, तुमच्याच न!”

“नाई बाप्पा,” म्हातारबुवा म्हणाले. “आमची तं रेडिओ लागला की बंद करा म्हणे. डोस्कं दुखे तिचं गाण्यानं.”

सगळे हसले. शोकाने म्हाताऱ्याचे भान सुटले आहे, असे ठरले. मीही तसेच ठरवून टाकले. आज मला वाटते, त्या मांडवात त्या बाईची आठवण खऱ्या अर्थाने एकट्या त्यांनाच होती.

माझ्या बचावासाठी नव्हे, पण या धंद्यावर माझा विश्वास कसा बसला ते सांगतो. माझे वडील कठोर मुद्रेचे होते. त्यांचा सख्खा भाऊ वारला तेव्हा त्यांनी तिरडीची दोरी स्वतः बांधली आणि डोळ्याला हात लावला नाही. त्यानंतर काही महिन्यांनी वर्ध्याला एक चित्रपट पाहायला त्यांनी मला सोबत नेले. त्यात दोन भाऊ ताटातूट होऊन पुन्हा भेटतात. पडद्यावर गाणे सुरू झाले, आणि वडिलांनी दुपट्टा तोंडावर घेतला तो मध्यंतराचे दिवे लागेपर्यंत काढला नाही. मध्यंतरात मला भजी घेऊन दिली आणि म्हणाले, “घरी सांगजो नको.” माणसाला स्वतःच्या दुःखापर्यंत जायला पुष्कळदा दुसऱ्याचे गाणे लागते, हे मी तेव्हा शिकलो, आणि ते खरेच आहे. माझी चूक एवढीच झाली की गाणे हे तिथवर पोचवणारे वाहन आहे हे विसरून मी त्यालाच मुक्कामाचे गाव समजू लागलो.

आता गुलाबरावांविषयी. केळझरच्या पलीकडे त्यांची शेती होती. उंच, वाकलेले, बोलायला अत्यंत कंजूस. त्यांची मुलगी सुनंदा गिरडला दिली. लग्नाचे चित्रीकरण माझ्याकडे होते. पाठवणीची वेळ झाली. बँड शिगेला पोचलेला, बायकांचा कल्लोळ, जीपचा चालक घाई करीत हॉर्न वाजवतो आहे. सुनंदा वडिलांच्या छातीवर डोके घालून अशी रडत होती की तिला जगातले काही ऐकू येणे शक्य नव्हते. गुलाबराव तिच्या कानाशी वाकले आणि दोन वाक्ये बोलले. मी हातभर अंतरावर होतो. कॅमेऱ्याचा माइक त्यांच्या तोंडासमोर होता. ती वाक्ये माझ्या इअरफोनमध्ये स्वच्छ आली. त्या गर्दीत ती ऐकलेला मी एकटाच.

मिक्सिंगला बसलो तेव्हा ती मी पुन्हा ऐकली. अगदी साधी, घरगुती वाक्ये होती. मला ती पाठवणीला न शोभणारी वाटली. बाप निरोप देताना असे बोलतो का, असे मी मनाशी म्हणालो; म्हणजे कोणत्या चित्रपटातला बाप असे बोलतो. मी बटण दाबले. ओठ हलताना दिसत राहिले, आणि त्यांतून ते सुप्रसिद्ध गाणे बाहेर पडू लागले. मूळ कॅसेट पुढच्या आठवड्यात हिंगण्याच्या एका लग्नाला वापरली. फिल्म फार गाजली. गुलाबरावांच्या पाठवणीला पाहणारा प्रत्येक जण रडे, आणि त्या फिल्मवर मला आणखी कामे मिळाली.

काही वर्षांनी गुलाबराव गेले. महिन्याभरात सुनंदा माझ्या दुकानात आली. यजमानांच्या नोकरीमुळे ती तेव्हा सिंदीला राहू लागली होती. काउंटरवर दोन्ही हात ठेवून म्हणाली,

“भाऊ, बाबाजीचा आवाज कुठीच नाई. कोणाजवळच नाई. तुमच्या फिल्लममधी ते माह्या कानात काही तरी बोलून राह्यले. मले रडण्याच्या नादात ऐकूच नाई आलं. ते गाण्याच्या खालचं काढून देता काय?”

गाण्याच्या खालचे! जणू गाणे ही सतरंजी होती आणि ती उचलली की खाली वडील मिळणार होते.

मी म्हणालो, “ताई, बँडमुळे टेपवर काही आलंच नव्हतं.” हे खोटे होते. तिचा चेहरा उतरला. तो पाहवेना म्हणून म्हणालो, “पण मी जवळ होतो. मी ऐकलं होतं.” हे खरे होते. तिने मान वर केली. तिसऱ्या वाक्याला मी पुन्हा घसरलो. खरे शब्द अगदी साधे होते; ते सांगितले असते तर तिने लगेच विचारले असते, इतके शब्दन्‌शब्द तुम्हाला कसे आठवतात. आणि मग पुसल्याची गोष्ट निघाली असती. शिवाय खरे सांगायचे तर ते शब्द अशा दुःखी मुलीला फार तोकडे पडतील, असा निवाडा मी आपल्या अधिकारात देऊन टाकला. मी डोळे मिटले, आणि इतक्या वर्षांच्या गाण्यांचा जो गाळ डोक्यात साचला होता त्यातून वर आलेले वाक्य तिच्या हाती ठेवले:

“ते म्हणाले, पोरी, आज माझ्या अंगणातला चंद्र मी दुसऱ्याच्या आभाळाला देतो आहे.”

वाचकहो, आमच्या भागात ‘देतो आहे’ असे कोणी बोलत नाही. गुलाबराव तर चंद्राविषयी बोललेच असते तर ‘पाणी पडते का नाई’ एवढ्यासाठीच. पण ही गोष्ट ना तिच्या लक्षात आली ना पुढे कोणाच्या. ती तिथेच काउंटरवर डोके टेकवून रडली, माझे उपकार मानले, आणि वाक्य घेऊन गेली.

वर्षश्राद्धाला ते थर्माकोलच्या अक्षरांत गुलाबरावांच्या फोटोखाली होते. नंतर त्याची तसबीर झाली. सुनंदाचा भाऊ विनायक ग्रामपंचायतीला उभा राहिला तेव्हा त्याच्या पत्रकावर ‘चंद्राएवढ्या मनाच्या बापाचा मुलगा’ असे छापले होते. तो निवडून आला. नात्यातल्या दुसऱ्या पाठवण्यांतही ते वापरले जाऊ लागले. गोतात कोणी मुलीला निरोप देताना अडखळला की मागून कोणीतरी म्हणे, “गुलाबरावजीसारखं म्हना न!” आणि या साऱ्यातली सर्वांत लाजिरवाणी गोष्ट अशी, की मला त्या वाक्याचा मनातून अभिमान वाटू लागला होता. एखाद्या मांडवात ते ऐकले की मी कॅमेऱ्यामागे अंग चोरून उभा राही. पण लेखक जसा उभा राहतो तसा.

गेल्या हिवाळ्यात सुनंदाच्या मुलीचे, रसिकाचे, लग्न ठरले. सुनंदा आणि विनायक दोघे दुकानात आले. स्वागत समारंभाचे काम नागपूरच्या इव्हेंटवाल्यांना दिले होते. माझ्याकडून त्यांना फक्त त्या जुन्या पाठवणीचे चित्र स्वच्छ करून हवे होते.

“आता मशीननं आवाज बनवता येते,” विनायक म्हणाला. “बाबाजीचा नमुना नाई, म्हणून माहा आवाज देल्ला. त्याईनं तो म्हातारा करून देल्ला. ओठायलेही जुळवून देणार हाय. रसिकाचे आबाजी सोता स्क्रीनवरून नातीले आशीर्वाद देतीन! अख्खं लॉन रडते का नाई पाहा.”

त्याने मोबाइल माझ्या कानाशी धरला. एक खोल, थरथरता, चांगल्या नटाला शोभेल असा आवाज म्हणाला, “पोरी, आज माझ्या अंगणातला चंद्र…”

सुनंदाने डोळे पुसले. “अगदी बाबाजीच,” ती म्हणाली.

ते मुळीच बाबाजी नव्हते. गुलाबरावांचा आवाज बारीक होता आणि किंचित चिरका. त्या उंच देहातून तो आला की नवखा माणूस दचके. माझ्या कानात तो अजून आहे. पण स्वतःच्या मुलीच्या कानातून तो निघून गेला होता, आणि आता त्या रिकाम्या जागेत हा दुसरा कायमचा राहायला येणार होता. एकदा का तो माणूस पडद्यावर आपल्या ओठांनी माझे वाक्य बोलला, की पुढे मी काहीही सांगितले तरी उपयोग नव्हता. रसिकाची मुलेही याच आजोबांना ओळखणार होती.

जेवताना मी कुंदाला सारे सांगितले. ती ताटात भाकर मोडत राहिली. मग म्हणाली, “गुलाबरावजी खरंच असं चंद्रबिंद्र बोलले असते त लोकायनं त्याईले गिरडच्या दर्ग्यावर नेलं असतं, अंगात आलं म्हणून.” मला हसू आले नाही. तिलाही आले नव्हते. “जा अन् सांगून टाका,” ती म्हणाली. “मेल्या माणसाच्या ओठाले तुमचे शब्द शिवाले निंगाले ते लोक. सुई तुमीच देल्ली.”

दुसऱ्या दिवशी मी सिंदीला गेलो. लग्नघर होते, सुनंदा ओट्यांसाठी खण वेगळे करीत बसली होती. मी पलंगाच्या कडेला बसलो आणि जे इथे लिहिले ते क्रमाने सांगितले.  तिचे हात चालू राहिले. हिरव्यावर हिरवा, लालवर लाल. शेवटी म्हणाली,

“मंग काय म्हणले होते?”

“ते म्हणाले होते,” मी म्हणालो, आणि मला त्यांच्याच बोलीत सांगावे लागले, “‘सुनंदा, खिडकीपाशी बस, तुले गाडी लागते. थांबाचं असलं त सांगजो, लाजू नको.’”

तिचे हात थांबले.

“असं म्हणले?”

“असंच.”

 मग ती हसली, पण त्या हसण्याने मला धीर आला नाही.

“मले मधी बसवलं होतं जीपमधी,” ती म्हणाली. “इकडून नणंद, तिकडून मामेसासू. केळझर सुटलं तवापासून पोटात ढवळून राह्यलं होतं. नव्या नवरीनं थांबा कसं म्हणावं? तोंड दाबून बसली. गिरडची टेकडी दिसली अन् सारं नवरदेवाच्या कोटावर. माही सासू जिवंत होती तोवर सोयऱ्यायले सांगे, आमची सून माहेरचं वटीत नाई, कोटावर घेऊन आली.” तिने खण पुन्हा हातात घेतला, पुन्हा ठेवला. “मी बाबाजीवर रागावली होती, भाऊ. त्याईले माहीत होतं मले गाडी लागते. लहानपणी बैलगाडीतही लागे. तरी कोणाले एक शब्द सांगतला नाई, असं वाटे. देऊन टाकली पोरगी, मोकळे झाले. किती वर्षं माहेरी गेली तरी त्याईच्याशी नीट बोलली नाई. काऊन, ते त्याईनं कधी विचारलं नाई, मीही सांगतलं नाई. अन् तसेच गेले.”

 मी एक आवाज पुसला, एवढीच माझी समजूत होती. त्यासोबत एका बापलेकीचा समेट पुसला होता, हे मला त्या पलंगावर बसेपर्यंत ठाऊक नव्हते. मी हात जोडले. तिने ते पाहूनही न पाहिल्यासारखे केले.

“माह्यापाशी एकटीपाशी हात जोडून काय होते?” ती म्हणाली. “तुमचा तो चंद्र साऱ्या गोतात फिरून राह्यला. तो तुमीच उतरवा. परवा, लॉनमधी, माइकवर.”

“ताई, मी कधी माइकवर बोललो नाही. माझा आवाज—”

“बाबाजीचाही नव्हता मोठा,” ती म्हणाली.

स्वागताच्या संध्याकाळी पडद्याजवळच विनायकने मला गाठले. बहिणीने त्याला सांगितले होते आणि तो फार अस्वस्थ होता. “भाऊ, कायले उकरून राह्यले आता? लोकायले आवडते ते वाक्य. बाबाजी शिकलेले असते त असंच बोलले असते.” मी म्हणालो, “विनायकभाऊ, ते शिकलेले नव्हते म्हणूनच कामाचं बोलले.” त्याने मान फिरवून नागपूरकरांना ‘ती क्लिप लावू नका’ अशी हाताने खूण केली. ते त्याने केले, हे त्याच्या नावावर मांडले पाहिजे.

सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीच्या हातात कार्यक्रमाचा क्रम होता. क्लिपच्या जागी मी आलो आहे एवढेच तिला कळवण्यात आले होते. “आणि आता एक अत्यंत भावुक क्षण!” ती म्हणाली. “आबाजींच्या आठवणी घेऊन येत आहेत त्यांचे जुने स्नेही! जोरदार टाळ्या झाल्या पाहिजेत!” टाळ्या झाल्या. मोबाइल वर उचलले गेले. समोरच्या बायकांनी पदर आधीच हातात घेतले. मी माइक धरला, तोंड उघडले, आणि पहिला शब्द फुटण्याआधीच डीजेवाल्याने माझ्या आवाजाखाली सारंगी सोडली. हळुवार, ओली, नेमकी मी सोडली असती तशी. त्याचा दोष नव्हता. आमच्या धंद्यात कोणी बोलायला उभे राहिले की खाली काहीतरी वाजवायचेच असते.

“ते आधी बंद करा,” मी म्हणालो.

त्याला वाटले मला आवाज कमी हवा आहे. त्याने कमी केला. मी पुन्हा म्हणालो, “बंद करा. पूर्ण.”

सारंगी थांबली. जनरेटरची घरघर ऐकू येऊ लागली, जेवणाकडून भांड्यांचा आवाज आला, एक मूल पाणी मागत होते. सुनंदा मंचासमोर पहिल्या रांगेत बसली होती. तिच्या हातात पदर नव्हता; दोन्ही हात मांडीवर होते. माझा आवाज फार लहान निघाला, पण तेवढ्या शांततेत तो शेवटच्या रांगेपर्यंत गेला असावा, कारण कोणीही ‘जरा जोरात’ म्हटले नाही.

“गुलाबरावजी पाठवणीच्या वेळेस चंद्राचं काहीच बोलले नव्हते,” मी म्हणालो. “ते माहं वाक्य होय. त्याईनं लेकीले सांगतलं होतं, खिडकीपाशी बस, तुले गाडी लागते. ते टेपवर आलं होतं. मी ते पुसलं अन् वरून खोटं बोललो. सुनंदाताई, तुमच्या बापाले तुमची काळजी होती. ते मी तुमच्यापर्यंत पोचू देल्लं नाई. मले माफ करा.”